अंगठा काय सांगतो?

जुन्या खतांवर एक ओळ हमखास सापडते : ‘निशाणी डावा अंगठा’. ज्याला सही येत नसे, त्याचा अंगठा शाई लावून कागदावर उठवीत. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलाचा दाखला नेताना पुष्कळ आईबाप अंगठा उठवीत आणि मान खाली घालीत. खरे म्हणजे त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. अंगठ्याइतकी पक्की सही दुसरी नाही. पण त्या सहीत एक उणेही आहे. दोन्ही गोष्टी आज पाहू.

आपल्या बोटांची टोके उजेडात धरा. नांगरलेल्या वावरातल्या तासांसारख्या बारीक रेघा दिसतील. काही बोटांवर त्या गोल फिरतात. त्याला आपण चक्र म्हणतो. काहींवर त्या एका बाजूने येतात, वळसा घेतात आणि त्याच बाजूने परत जातात. तो शंख. थोड्या बोटांवर नुसती कमान असते. शंभर बोटे पाहिली तर साठ-पासष्ट शंख, तीसएक चक्रे आणि पाचएक कमानी निघतील.

या रेघा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. दगड फोडून, सिमेंट कालवून त्या झिजतात; पण हाताला विसावा मिळाला की पुन्हा होत्या तशाच वर येतात. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतात, ठसे मात्र वेगळे. एखादी रेघ कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, हे ताडून तज्ज्ञ ठसा ओळखतो.

हे शास्त्र वाढले ते आपल्याच देशात. १८५८ साली बंगालात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी होते. रस्त्याची खडी पुरवण्याचा करार त्यांनी राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला. पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणू नये, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. १८७७ पासून हुगळी येथे त्यांनी पेन्शन घेणाऱ्यांचे व दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे घेतले. एकाच्या नावाचे पैसे दुसऱ्याने नेणे त्यामुळे कठीण झाले.

पण हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा? अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी दहा बोटांवरून १०२४ खण पाडले. कोणाचा कागद कोणत्या खणात, हे ठरून गेले. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. या पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे मिळाले.

पुढे जलपैगुडीला चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. पेटीतले पैसे गेले होते. कागदांत एक बंगाली पंचांग होते आणि त्यावर रक्ताचे तपकिरी डाग. एका डागात अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या. कलकत्त्याच्या खणांत शोधता तो ठसा मॅनेजरच्या जुन्या नोकराचा निघाला. त्याचे नाव कंगाली चरण. चोरीसाठी तो पूर्वी तुरुंगात गेला होता, म्हणून त्याचा ठसा जपलेला होता.

कोर्टाने काय केले? चोरीची शिक्षा दिली, खुनाची दिली नाही. पंचांगाला त्याचा हात लागला होता, एवढे ठशाने सिद्ध झाले. मारताना मात्र त्याला कोणी पाहिले नव्हते.

फ्रान्समधील लिआँ शहरी १९१० साली एदमाँ लोकार यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. त्यांच्या सांगण्याचे सार असे : जेथे स्पर्श झाला, तेथे काहीतरी खूण राहते. केस, धूळ, रक्त, ठसा. गुन्ह्याच्या तपासाचे सारे शास्त्र यावर उभे आहे. पण कंगाली चरणच्या खटल्याने दुसरा धडाही दिला. खूण जेवढे जाणते तेवढेच बोलते. पुढचे माणसाने विचारायचे असते.

आता आपल्या कागदाकडे वळू. ‘हा अंगठा कोणाचा?’ असे विचारले तर ठसा बिनचूक उत्तर देईल. ‘कागदावर काय लिहिले होते, हे त्याला समजले होते का?’ असे विचारा. ठसा गप्प राहील. कागद कोरा होता की भरलेला, रक्कम शंभर होती की हजार, हे अंगठ्याला दिसत नाही. ‘वाचून दाखविले, मान्य आहे’ अशी ओळ दस्तात असते. वाचून दाखविणारा सारे वाचतोच, याची खात्री कोण देणार?

आज रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकावा लागतो. शिकलेला, न शिकलेला, सगळ्यांनाच. तेव्हा अंगठ्याची लाज धरू नका. मात्र अंगठा टेकण्याआधी कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोऱ्या कागदावर अंगठाही नको आणि सहीही नको. अंगठा आपली ओळख सांगतो. आपले हित वाचता आले, तरच राखता येते.

प्रश्न
१. आपल्या दहा बोटांत शंख किती, चक्रे किती?
२. कंगाली चरणला खुनाची शिक्षा का झाली नाही?
३. घरातील एक दस्त काढा. त्यावर ‘निशाणी’ कोणाची आहे? तो दस्त मोठ्याने वाचा.