मैदानाबाहेरचे नऊ महिने

कबड्डीचा सामना रंगात आला होता. आमच्या कॉलेजचा एक खेळाडू चढाईला गेला. परत फिरताना त्याचा पाय मातीत रुतला आणि गुडघा मात्र वळला. तो खाली कोसळला.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जोडणारा एक मजबूत अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला 'एसीएल' म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे हे त्याचे मुख्य काम. तो पूर्ण तुटला की खेळाडूंवर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. पुन्हा मैदानात उतरायला साधारण नऊ महिने, कधी वर्षही लागते.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण तो मुलगा मात्र गप्प गप्प झाला. पहिल्या आठवड्यात मित्र आले, फळे घेऊन आले. मग परीक्षा आल्या, स्पर्धा आल्या आणि त्यांचे येणे थांबले. अम्मीने विचारले, तर तो 'ठीक आहे' एवढेच म्हणे. 'हिंमत धर' असे कोणी म्हटले की त्याला राग येई. मी त्याचा क्रीडाशिक्षक. मी रोज गुडघ्याची चौकशी करीत होतो, त्याची नाही.

त्याच वर्षी संगणक शाखेच्या तीन मुलींनी जखमी खेळाडूंसाठी मोबाईल ॲप तयार करायला घेतले. पहिल्या आराखड्यात रोज सकाळी एक सुविचार होता. व्यायाम केला तर हिरवी खूण, चुकला तर लाल फुली. त्यांनी तो आराखडा मोठ्या उत्साहाने त्याला दाखवला.

तो म्हणाला, "ताई, गुडघा सुजला की डॉक्टरच आराम करायला सांगतात. मग ही फुली कशाबद्दल? मी आधीच संघाबाहेर आहे. त्यात ही रोजची हार कशाला?"

मुलींनी फुली काढली, सुविचारही काढले. आता त्या सांगण्याऐवजी विचारू लागल्या.

गुडघा आज किती अंश वाकला आणि महिन्यापूर्वी किती वाकत होता, एवढेच ॲप दाखवू लागले. तुलना स्वतःशीच, संघातल्या मुलांशी नाही. मन कसे आहे हे सांगायला पाच चेहरे. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून नोंद करायची. मराठीत किंवा उर्दूत, जशी मर्जी.

ती नोंद मला दिसावी, असे मी सुचवले. तो चटकन म्हणाला, "सर, मी घाबरलोय हे तुम्हांला कळलं, तर तुम्ही मला संघात घ्याल का?" मला उत्तर सुचले नाही. नोंद कोणाला दाखवायची हे खेळाडूनेच ठरवायचे, असे ठरले.

ही भीती खरीच असते. 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा खेळाडूंसाठी बारा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुन्हा दुखापत होईल याची भीती वाटते का, गुडघ्यावर भरवसा आहे का, असे ते प्रश्न. कुस्तीगीर विनेश फोगट हिला 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या सुन यानानशी लढताना गुडघ्याला दुखापत झाली. 2018 साली जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोर तीच सुन यानान! विनेशने तिला हरवले आणि पुढे सुवर्णपदकही मिळवले. ती गोष्ट त्याने मुलींकडून दोनदा ऐकली.

पण ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे. अनेक दिवस झोप नाही, जगणे नकोसे वाटते, अशा वेळी यंत्राने उपदेश करून काय होणार? तिथे मुलींनी एक मोठे बटण ठेवले. ते दाबले की 14416 हा क्रमांक लागतो. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा तो मोफत क्रमांक. तिथे रात्रंदिवस माणूस बोलतो.

त्याच्याच सूचनेवरून आणखी एक बटण आले, 'संघाला हाक'. ते दाबले की कर्णधाराला निरोप जातो. पहिल्याच हाकेला कर्णधार मोटारसायकल घेऊन दारात हजर. त्या दिवसापासून कुबड्या शेजारी ठेवून तो गुणलेखकाच्या टेबलाशी बसू लागला.

दहाव्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. सरावाच्या सामन्यात तो चढाईला गेला, निदान रेषा ओलांडली आणि कोणालाही न शिवता परतला. गुण मिळाला नाही. त्या रात्री त्याने पाचांपैकी कोणता चेहरा दाबला, मला ठाऊक नाही. त्याने ते मला दाखवलेले नाही.