भाताच्या फुलावर संशोधन: नीटनंतरची एक वाट

नीटचा निकाल लागला की सुरतेच्या सचिन, पांडेसरा, उधना भागातल्या खानदेशी घरांत एकच चिंता: पोराला मार्क कमी पडले, आता पुढे काय? बायोलॉजी वाया गेली असं धरून पालक रिपीटच्या क्लासची फी भरायला निघतात. त्याआधी एक वाट बघून घ्या. ती गावाजवळच आहे.

सचिनहून मुंबईच्या दिशेने निघालं की मरोलीनंतर नवसारी येतं. तिथे 2004 पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे, भाताचं संशोधन केंद्र आहे. याच विद्यापीठाची अस्पी शकिलम बायोटेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट तर सुरतेतच, अठवा फार्मवर आहे.

तिथे शिकून करायचं काय? उदाहरण म्हणून भाताच्या फुलाचं संशोधन घ्या. भाताचं फूल सकाळी उशिरा उमलतं आणि तासाभरात मिटतं. आत सहा पुंकेसर, पिसासारख्या दोन कुक्षी. पराग बाहेर पडला की काही मिनिटंच जिवंत राहतो. ऐन फुलोऱ्यात पारा 35 अंशांपुढे गेला तर पराग कुक्षीवर पडत नाही, पडला तरी रुजत नाही आणि लोंबीत पळिंज, म्हणजे रिकामे दाणे, राहतात. फुलाची घडण कोणते जनुक ठरवतात, यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. उषा विजयराघवन यांनी अनेक वर्षं काम केलं आहे.

भात स्वतःच्याच परागाने फळतो. त्यामुळे संकरित बियाणं करायचं तर मादी वाणाचा पराग निकामी असावा लागतो. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने 1998 मध्ये दिलेला 'सह्याद्री' हा संकरित भात अशाच नर-वंध्य मादीपासून झाला. पराग निकामी आहे का, हे बघणं सोपं आहे. परागकोश काचपट्टीवर चिरडायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. चांगला पराग काळानिळा दिसतो, वांझ पराग फिकट पिवळा. पदवीचा विद्यार्थीही हे करू शकतो. आणि हे शास्त्र थांबलेलं नाही: मे 2025 मध्ये हैदराबादच्या भात संशोधन संस्थेची 'कमला' ही जनुक-संपादित जात जाहीर झाली. तिच्यात एकच जनुक बदलून लोंबीतले दाणे वाढवले आहेत.

प्रवेशाचं म्हणाल, तर गुजरातमध्ये बारावी केलेल्यांना राज्यातल्या कृषी विद्यापीठांसाठी गुजकेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते; देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा सीयूईटी या परीक्षेतून मिळतात. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, एजंटावर विसंबू नका. पदवीनंतर एम.एस्सी., मग नेट आणि पीएच.डी. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात.

वाट लांब आहे, हे पालकांनी आधीच मान्य करावं. संशोधक व्हायला दहाएक वर्षं सहज जातात. भाताचा हंगाम चुकला तर प्रयोग पुढच्या हंगामावर जातो. लवकर कमाई हवी असेल तर पदवीनंतर बियाणं कंपन्या, बँकांची कृषी अधिकारी भरती आणि सरकारी कृषी खातं आहेच. पण चिखलात उतरायची तयारी आणि तासन्‌तास एका कणाकडे बघायचा धीर ज्या मुलात आहे, त्याला मी बेधडक हेच क्षेत्र सुचवीन.

मूल अकरावी-बारावीत असेल, तर खरिपातलं भात निसवल्यावर विद्यापीठात आधी विचारून एका सकाळी त्याला तिथे घेऊन जा. फुलं उमलताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, मगच फॉर्म भरा.