कळ बंद केल्यावरही

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत कळ बंद केली म्हणजे धोका टळला, असा पुष्कळांचा समज असतो. महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो येथेंच सोडून जावा, अशी आमची इच्छा आहे.

इ. स. १७४६ मध्यें लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक मुसेनब्रूक यांनीं पाण्याच्या बाटलींत वीज सांठविली. बाटली एका हातांत धरून दुसऱ्या हातानें ठिणगी काढूं जातांच असा धक्का बसला कीं, फ्रान्सचें राज्य मिळालें तरी तो प्रयोग पुन्हां करणार नाहीं, असें त्यांनीं लिहून कळविलें! आजचा कंडेन्सर त्याच बाटलीचा वंशज होय. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टपर्यंत भरला, तर कळ बंद केल्यावरही त्यांत ८० जूल ऊर्जा राहते. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाईल, तर वाटेंत हृदय आहे.

म्हणून रबरी मुठीच्या चिमट्यांनीं १० किलोओहमचा, पुरेशा वॅटचा रोध त्यास जोडावा. ५० सेकंदांत दाब ३ व्होल्टांखालीं येतो. घाई झालेल्यास तेवढेंही फार वाटतात, हें आम्ही जाणतों. मग व्होल्टमीटरनें खात्री करावी. रिकामा केलेला कंडेन्सर कांहीं वेळानें आपोआप थोडा भरतो, यास्तव त्याचीं दोन्ही टोंकें तारेनें जोडूनच ठेवावींत. हें करतांना डावा हात पाठीशीं असावा. एकट्यानें काम करूं नये, आणि मुख्य कळ कोठें आहे तें सोबत्यास आधींच दाखवून ठेवावें.