झोपेसाठी चुंबक?

सास्तीच्या कोळसा खाणीत पाळीने काम करणारे एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. चार महिने झोप नाही. "डॉक्टरसाहेब, नागपूरले डोक्याले चुंबक लावून झोप आणतेत म्हणते. बैलजोडी इकू काय?"

चुंबकाचा हा उपचार थोतांड नव्हे. १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी हे यंत्र प्रथम वापरून दाखविले. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून चुंबकीय ठोके देतात. त्यामुळे मेंदूच्या पेशींत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. नैराश्यासाठी अमेरिकेत याला २००८ साली मान्यता मिळाली. निद्रानाशावर प्रयोग झाले, काहींना गुणही आला. पण हा पहिला उपाय म्हणावा इतका पुरावा नाही. फिट्स येणाऱ्यांनी किंवा डोक्यात धातूची पट्टी असलेल्यांनी तर आधी विचारावेच. (जत्रेत मिळणाऱ्या चुंबकी पट्ट्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.)

मी त्यांना चहाचे विचारले. रात्रपाळीत सहा कप, शेवटचा पहाटे पाचला! घोरणेही होते, त्याची वेगळी तपासणी लागेल.

बैल विकू नका म्हटले. पहाटेचा चहा बंद. दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदा. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जायचे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेर बसायचे. झोपेच्या सवयी बदलण्याच्या या उपचारालाच अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये पहिले स्थान दिले आहे. झोपेच्या नोंदीची वही घेऊन ते पंधरा दिवसांनी येणार आहेत.