नव्या मालकाची वाट बघू नकोस

अगं, काल फोनवर म्हणालीस, "ह्यांची ओटी बंद झालीय, बाकी काही नाही ताई." हे ‘बाकी काही नाही’ तू मला सांगत होतीस की स्वतःला? प्रेस शॉपमध्ये पहिली ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, जाते. मग ठेकेदाराची पोरं जातात, मग रात्रपाळी. तुमच्याकडे तिन्ही होऊन गेलंय. आता दाजींना एवढंच विचार, की डाय जागेवर आहेत का?

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. पत्र्याचा भाग ज्या साच्यात दाबून काढतात ती डाय बहुतेक वेळा गिऱ्हाईक कंपनीची असते, प्रेसवाल्याची नाही. ती उचलून नेली की काम तिच्यामागे जातं. आमच्या ह्यांच्या कंपनीचं नाव घेत नाही, अजून तिथे ओळखीची माणसं कामाला आहेत. पण तिथे वर्षभर साहेब "ऑर्डर येतायत" म्हणत होते आणि रात्री ट्रेलर कान्हे फाट्याकडे निघत होते. एकावर निळी ताडपत्री होती, दोरी नीट आवळलेली नव्हती, कोपऱ्यातून पिवळा रंग दिसला. हे दारात उभे होते. म्हणाले, "डोअर पॅनेलची गेली." नोटीस लागायला त्यानंतरही पाच-सहा महिने गेले, पण आमच्या घरात ती त्या रात्रीच लागली.

दाजी म्हणतायत ना, कंपनी विकायला काढलीय, नवा मालक आला की सगळं सुरळीत होईल? त्यावरच मला बोलायचंय. जनरल मोटर्सचं आपण डोळ्यांनी बघितलं. २००८ साली तळेगावला त्यांचा प्लांट सुरू झाला तेव्हा पोरगा तिथे कायम आहे म्हटलं की स्थळं सांगून यायची. २०१७ संपता संपता त्यांची शेव्हरोले देशात विकायची बंद झाली, पण इथून बीट गाडी मेक्सिकोला जात होती, म्हणून सगळे निवांत होते. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल ह्या मोटार कंपनीशी प्लांट विकायचा करार झाला. २४ डिसेंबर २०२० ला उत्पादन थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ. कायद्याने त्यात निम्मा पगार मिळतो, तोही बेसिक आणि डीएचा. एवढं होऊनही माणसं म्हणत होती, चिनी येतील, आम्हाला घेतील. २०२२ च्या मध्याला तो करार बारगळला. त्याच वर्षी सप्टेंबरात तळेगावला येणार येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला. (पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली, म्हणजे इथल्या नोकऱ्यांची तिकडे नुसती मिरवणूक झाली.)

शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. काय घेतलं त्यांनी? जमीन, इमारती, काही यंत्रं. कामगार त्या यादीत नव्हते. युनियन कोर्टात गेली, भांडली, भांडायलाच हवं होतं. २०२५ मध्ये त्याच आवारातून नव्या गाड्या निघायला लागल्या, पण ले-ऑफची चिठ्ठी हातात पडून तोवर चार वर्षं उलटली होती. चार वर्षांत पोरगं सातवीचं अकरावीला जातं.

म्हणून म्हणते, दाजींनी युनियनबरोबर राहावं, गेट मीटिंग चुकवू नये, पण घराचा हिशेब नव्या मालकावर बांधू नका. आला तर आला.

आता व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं. एचआरवाला कागद पुढे करेल, वर ठळक अक्षरांत एकच मोठा आकडा असेल आणि मुदत शुक्रवारपर्यंतची. तो आकडा फोडून मागायचा. ग्रॅच्युइटी किती, शिल्लक रजेचे किती, आणि कंपनी खिशातून देतेय ते किती? पहिले दोन तुमच्या हक्काचेच आहेत, ते मिसळून आकडा फुगवतात. ग्रॅच्युइटी तू घरी काढू शकतेस. शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. वीस हजार धरले आणि सोळा वर्षं, तर १ लाख ८४ हजार ६१५. पीएफ तर आधीच तुमच्या खात्यात आहे, त्यात कंपनीने उपकार केलेले नाहीत.

आणखी एक, ते कुणी सांगत नाही. व्हीआरएसवर सही केली की कायद्याच्या लेखी ती छाटणी राहत नाही, आपण होऊन सोडलेली नोकरी होते. छाटणी असेल तर दरवर्षाला १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तेव्हा कंपनी कायद्याच्या वर काय देतेय ते बघून मगच सही. आणि पूर्वी शंभर कामगार असले तरी छाटणीला सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आता ती अट तीनशेवर गेलीय. तुमच्याकडे दोनशेच्या आतबाहेर आहेत ना? मग सरकार अडवेल ह्या भरवशावर बसू नका.

पेन्शनचे पैसे मात्र आता काढता येणार नाहीत. दाजींची दहा वर्षं झालीत, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नला पेन्शन बसते.

पैसे आले की नातेवाईक येतील. माझे दीर आले होते, कामशेतला प्लॉट आहे म्हणून, एनए होणारच आहे म्हणून. भाचा टेम्पो घेऊ म्हणाला. मावळात जमिनीचे पैसे कसे उडाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे, तरी प्रत्येकाला वाटतं आपला प्लॉट वेगळा. सहा महिने एफडीत टाक आणि सगळ्यांना सांग, ताईने अडवलंय. माझ्या नावावर खपव, मला चालतं.

दाजींना पहिले काही दिवस घरी करमणार नाही. पाळीची सवय असते, पहाटे साडेचारला उठून बसतील. बसू देत. पण नोकरी सुटायच्या आत त्यांच्याकडून एक काम करून घे. अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘ऑपरेटर’ नको. किती टनी प्रेस, डाय सेटिंग किती वर्षं, सगळं लिहून हवं. चाकण-भोसरीला डाय सेट करणाऱ्याला अजून विचारतात, नुसतं बटण दाबणाऱ्याला ठेकेदाराच्या दारात उभं राहावं लागतं. आणि ठेकेदाराकडूनच बोलावणं आलं, तर? जावं, असं माझं मत. त्याच गेटातून, निम्म्या पगारावर, वेगळ्या रंगाचं कार्ड घालून जाणं जिवाला लागतं. आमच्या ह्यांना लागलं होतं, दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. पण हात कामात राहिला म्हणून पुढची नोकरी मिळाली.

तू गुलाबाच्या पॉलिहाउसला जायचं म्हणतेस, तर जा. जानेवारीत तिथे माणसं कमी पडतात. सासूबाईंना काय वाटेल ह्याची काळजी करू नकोस. त्यांना अजून काही सांगितलेलं नाहीस ना? सांगून टाक. त्यांनी तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त दुष्काळ बघितलेत.

रविवारच्या लोकलने इकडे ये. येताना नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा नंबर, सगळं एका पिशवीत घाल. आणि आधारवर दाजींच्या वडलांचं नाव कसं लिहिलंय ते बघ. पीएफमध्ये ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’ असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यावं लागेल. कंपनीत सही करणारा माणूस आहे तोवरच ते काम सोपं आहे.