घोरण्याआड दडलेला आजार : स्लीप ॲप्निया आणि त्यावरील उपचार

झोपेत मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा आपल्या समाजात सर्वसाधारण समज आहे. घोरण्यावरून घरात थट्टा होते. त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले आणि डॉक्टरांनी मृत्यूचे कारण 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' असे सांगितले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. वास्तविक हा आजार दुर्मीळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या विश्लेषणानुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना हा विकार असावा. कामकरी वयोगटातील अशा व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी भरते आणि त्यांपैकी ४.७ कोटी व्यक्तींचा विकार मध्यम ते तीव्र स्वरूपाचा असल्याचा अंदाज आहे.

या आजारावर परिणामकारक उपचार उपलब्ध होऊन चार दशके उलटली आहेत. तरीही बहुसंख्य रुग्णांचे निदानच होत नाही. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता सार्वजनिक आरोग्य आणि रस्ते सुरक्षा यांच्या नियोजनाचाही ठरतो.

आजाराचे स्वरूप

झोपेत किमान १० सेकंद श्वासाचा प्रवाह जवळजवळ पूर्णपणे थांबणे म्हणजे ॲप्निया. प्रवाह पूर्ण न थांबता ३० टक्के किंवा त्याहून अधिक घटला आणि त्यामुळे रक्तातील ऑक्सिजन कमी झाला किंवा झोप मोडली, तर त्याला हायपोप्निया म्हणतात. झोपेच्या प्रत्येक तासात असे प्रसंग सरासरी किती वेळा घडतात, त्यावरून 'ॲप्निया-हायपोप्निया निर्देशांक' काढला जातो. प्रौढांमध्ये हा निर्देशांक ५ पेक्षा कमी असल्यास स्थिती सामान्य मानली जाते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र विकार होय. निर्देशांक ३० असलेल्या व्यक्तीचा श्वास सात तासांच्या झोपेत सुमारे २१० वेळा अडतो.

या विकाराचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या, म्हणजे अवरोधक प्रकारात श्वास घेण्याचा प्रयत्न चालू असतो, परंतु घशातील मार्ग बंद होतो. दुसऱ्या, म्हणजे केंद्रीय प्रकारात मेंदूकडून श्वसनाच्या स्नायूंना जाणारा संदेशच काही काळ थांबतो. हृदयाची कार्यक्षमता खालावलेले रुग्ण, पक्षाघाताचे रुग्ण आणि अफूजन्य औषधे घेणाऱ्या व्यक्ती यांच्यात तो आढळू शकतो. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. यांत अवरोधक प्रकार सर्वाधिक आढळतो.

श्वास का अडतो?

नाकाच्या मागील भागापासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाला हाडांचा भक्कम आधार नसतो. जागेपणी स्नायूंच्या ताणामुळे हा मार्ग खुला राहतो. झोपेत हा ताण कमी होतो. जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ सैल पडतात. मार्ग अरुंद झाला की हवेच्या प्रवाहाने या भागांना कंप सुटतो. त्याचाच आवाज म्हणजे घोरणे. मार्ग पूर्ण बंद झाला की घोरणे एकाएकी थांबते. छाती आणि पोट हालत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात आणि मोठ्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी रुग्णाला यातील काहीच आठवत नाही.

प्रत्येक वेळी शरीर आणीबाणीला तोंड द्यावे तसा प्रतिसाद देते. रक्तदाब व नाडीची गती वाढते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. या रुग्णांत तो अनेकदा उतरत नाही. औषधांना दाद न देणारा उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, पक्षाघात आणि इन्सुलिनला शरीराचा कमी होणारा प्रतिसाद यांच्याशी या विकाराचा संबंध दिसून आला आहे.

लठ्ठपणा, मानेचा वाढलेला घेर, वाढते वय, मागे सरकलेला लहान जबडा, वाढलेले टॉन्सिल आणि मद्यपान ही जोखमीची प्रमुख कारणे होत. मात्र सडपातळ व्यक्तीलाही चेहरा व जबडा यांच्या ठेवणीमुळे हा विकार होऊ शकतो.

संशोधनाचा प्रवास

१९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी स्थूलता, पेंगुळलेपण आणि श्वसनाचा दोष एकत्र आढळणाऱ्या अवस्थेला चार्ल्स डिकन्स यांच्या 'पिकविक पेपर्स' कादंबरीवरून 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे झोपेतील श्वसनाची नोंद घेऊन श्वास वारंवार थांबतो हे दाखवले. सुरुवातीला तीव्र रुग्णांसाठी श्वासनलिकेला छेद देण्याचाच उपाय होता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाने हवा देण्याची पद्धत मांडली आणि शस्त्रक्रियेविना उपचाराचा मार्ग खुला झाला.

भारतातील पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक मुंबईत झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनदोष आढळला. दिवसाच्या पेंगुळलेपणासह पूर्ण लक्षणसमूह ७.५ टक्के पुरुषांत होता. पाश्चात्त्य देशांचा आजार मानला गेलेला हा विकार भारतातही तितकाच रुजलेला आहे, हे यातून स्पष्ट झाले.

लक्षणे आणि निदान

रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरून जाग येणे आणि लघवीसाठी वारंवार उठावे लागणे ही प्रमुख लक्षणे आहेत. सकाळी डोके दुखते, घसा कोरडा पडतो. दिवसा पेंग येते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. रात्रीची लक्षणे रुग्णाला स्वतःला कळत नसल्याने शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची माहिती निदानासाठी मोलाची असते.

स्त्रियांमध्ये चित्र काहीसे वेगळे असते. थकवा, निद्रानाश, उदासी अशा तक्रारी त्यांच्यात अधिक आढळतात आणि त्या घरकामाच्या ताणाच्या खाती जमा होतात. रजोनिवृत्तीनंतर जोखीम वाढते. २०२३ च्या विश्लेषणात पुरुषांतील प्रमाण १३ टक्के व स्त्रियांतील ५ टक्के आढळले. मुलांमध्ये टॉन्सिल व ॲडेनॉइड वाढणे हे प्रमुख कारण असते. अशी मुले पेंगण्याऐवजी चंचल दिसतात आणि अभ्यासात मागे पडतात.

प्राथमिक चाचणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. कॅनडात विकसित झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत घोरणे, थकवा, इतरांनी पाहिलेला श्वासरोध, रक्तदाब, शरीरभार निर्देशांक, वय, मानेचा घेर आणि लिंग या आठ बाबी तपासल्या जातात. तीन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास पुढील तपासणी करावी. मात्र मूळ प्रश्नावलीत शरीरभार निर्देशांकाची मर्यादा ३५ आहे. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी २५ हीच लठ्ठपणाची मर्यादा सुचवलेली असल्याने आपल्याकडे हा निकष सावधपणे वापरावा लागतो.

निश्चित निदान 'पॉलिसोम्नोग्राफी' या तपासणीने होते. तीत रात्रभर मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, स्नायूंचा ताण, हृदयाचे ठोके, श्वासाचा प्रवाह आणि ऑक्सिजनचे प्रमाण नोंदवले जाते. निवडक रुग्णांत घरच्या घरी करता येणारी मर्यादित तपासणीही चालते.

उपचारांचे पर्याय

मध्यम व तीव्र विकारात 'सीपॅप' यंत्र हा मुख्य उपचार आहे. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतीलच हवा ठरावीक दाबाने मुखवट्यातून घशात पोहोचवते आणि त्या दाबाने घशाचा मार्ग खुला राहतो. यंत्राने आजार मुळापासून बरा होत नाही. चष्म्याप्रमाणे ते वापरात असेपर्यंतच उपयोगी पडते. मुखवट्याची अडचण, नाक कोरडे पडणे आणि खंडित वीजपुरवठा यांमुळे अनेक रुग्ण वापर सोडतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांतील मार्गदर्शन यासाठी निर्णायक ठरते.

या उपचाराचे फायदे नेमके समजून घेणे आवश्यक आहे. दिवसाची पेंग कमी होणे आणि जीवनमान सुधारणे हे फायदे सिद्ध झाले आहेत. रक्तदाबातही सरासरी २ ते ३ मिलिमीटर इतकी घट होते. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आधीपासून हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

वजन घटवणे हा अतिरिक्त वजन असलेल्या रुग्णांना लागू पडणारा उपाय आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन अभ्यासानुसार वजनात १० टक्के घट झाल्यास निर्देशांक सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो. कुशीवर झोपणे, मद्य टाळणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेच्या गोळ्या न घेणे हेही महत्त्वाचे आहे. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दंतोपकरण उपयोगी पडते. मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया हा बहुधा पहिला पर्याय असतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र विकार असलेल्या प्रौढांसाठी 'टिर्झेपाटाइड' या औषधाला मान्यता दिली. या आजारासाठी मान्य झालेले ते पहिले औषध होय. त्याचा मुख्य परिणाम वजन घटल्याने साधतो.

धोरणाच्या दृष्टीने

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते. लठ्ठपणाबरोबर स्लीप ॲप्नियाही वाढणार, हे उघड आहे.

२०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य आजारविषयक राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी तपासणी केली जाते. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन कंबरेचा घेर व सवयी यांची नोंद घेते. या भेटीतच घोरणे आणि दिवसाची पेंग यांविषयी दोन प्रश्नांची जोड दिल्यास संशयित रुग्ण शोधण्याचा खर्च नगण्य राहील. विशेषतः औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणाऱ्या रुग्णाला हे प्रश्न विचारलेच गेले पाहिजेत.

रस्ते सुरक्षेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु पुरेसे तास झोपूनही ज्याची झोप रात्रभर मोडत राहते, त्या चालकाला केवळ विश्रांतीच्या तासांनी संरक्षण मिळत नाही. वाहन परवान्यासाठीच्या स्वयंघोषणेत अपस्मार, भोवळ व दृष्टी यांविषयी थेट प्रश्न असतात. झोपेच्या विकाराची स्वतंत्र विचारणा नसते. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाद्वारे परवान्याच्या वैद्यकीय निकषांत या विकाराचा समावेश केला आणि उपचार नियमित घेणाऱ्या चालकाला परवाना मिळण्याचा मार्गही खुला ठेवला. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. निदान झाले की रोजगार जाईल, अशी भीती असल्यास चालक आजार लपवतील.

खर्चाचा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर सीपॅप यंत्राच्या खर्चाची ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती मिळू शकते. आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मात्र मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे, तर सीपॅपचा उपचार वर्षानुवर्षे घरीच घ्यायचा असतो. असंघटित क्षेत्रातील ट्रकचालकासाठी ही दरी मोठी आहे.

थोडक्यात सांगायचे तर, स्लीप ॲप्नियाच्या बाबतीत भारतापुढील पहिली अडचण उपचारांच्या अभावाची नसून ओळख न पटण्याची आहे. घोरण्याविषयीचा एक साधा प्रश्न आरोग्य केंद्रात, परवाना कार्यालयात आणि घरात विचारला गेला, तर रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना योग्य दिशा मिळेल आणि चाकामागे बसलेल्या अनेकांचे, तसेच रस्त्यावरील इतरांचेही प्राण वाचू शकतील.