गोठ्यांतील हवेचें गणित

नळानें हौद भरण्याचीं आणि गळतीनें तो रिकामा होण्याचीं उदाहरणें विद्यार्थ्यांनीं पुष्कळ सोडविलेलीं असतात. गुरांचा गोठा हाहि एक तसाच हौद होय. फरक एवढाच कीं, त्यांत भरणारी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं. या हौदाची गळती किती मोठी असावी, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

माझ्या लहानपणीं एका डिसेंबरांत आमच्या गोठ्यांत तीन महिन्यांची एक कालवड होती. थंडी कडक पडली म्हणून आढ्याजवळची फट मीं स्वतः गोणपाटानें बुजविली व दारालाहि गोणपाट लाविलें. गोठा चांगला उबदार झाला. मात्र सकाळीं कौलांच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब लोंबत आणि आंत पाऊल टाकतांच डोळे चुरचुरत. आठव्या दिवशीं कालवड खोकूं लागली. पंधरा दिवसांत ती गेली. थंडीच बाधली, असें सर्वांनीं म्हटलें व मींहि तें मानलें. कौलांवरचे ते थेंब मला पुढें कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकतांना आठवले.

आतां एक गोठा घेऊं : लांबी ९ मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी उंची ३ मीटर; म्हणजे १३५ घनमीटर हवा. आंत सहा गाई, प्रत्येकीचें वजन सुमारें ३०० किलो. अशी थोडें दूध देणारी गाय सुमारें ५०० वॅट उष्णता देते व तासाला सुमारें १०० लिटर कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकते. हे आंकडे ठोकळ आहेत. गाय कांहीं यंत्र नव्हे.

हवा कोंदट झाली हें कर्बाम्ल वायूवरून मोजण्याची रीत म्यूनिक येथील पेटेनकोफर या शास्त्रज्ञानें १८५८ मध्यें घालून दिली. माणसांच्या खोलींत तो हजारीं एक भागाहून अधिक नसावा, असें त्याचें म्हणणें. गुरांसाठीं हजारीं तीन भागांपर्यंत चालतें. बाहेरच्या हवेंत तो हजारीं सुमारें ०.४ भाग असतो. म्हणून ताज्या हवेचा प्रत्येक घनमीटर २.६ लिटर वायु बाहेर नेऊं शकतो, आणि १०० ला २.६ नें भागिलें असतां एका गाईस तासाला ३८ घनमीटर हवा लागते, असें उत्तर येतें.

बहुतेक विद्यार्थी येथेंच थांबतील, आणि येथेंच चूक होईल.

कारण गाय वायूबरोबर पाणीहि बाहेर टाकते. थंडींत श्वास व कातडी यांतून तासाला सुमारें २०० ग्रॅम वाफ निघते. ओल्या जमिनीची धरून २५० मानूं. नाशिक-निफाडकडील थंडीची रात्र घ्या. बाहेर १० अंश उष्णमान असतां एक घनमीटर हवेंत फार तर ९.४ ग्रॅम वाफ मावते. हवा शेंकडा ८० दमट असल्यास ती ७.५ ग्रॅम होते. आंत १६ अंश असतील तर १३.६ ग्रॅम मावेल, आणि तेथेंहि शेंकडा ८० हीच मर्यादा ठेविली तर १०.९. वजाबाकी ३.४ ग्रॅम. म्हणून २५० भागिलें ३.४, म्हणजे सुमारें ७५ घनमीटर. वायूच्या हिशेबाची ही जवळजवळ दुप्पट झाली! सहा गाईंस ४५० घनमीटर, म्हणजे गोठ्यांतील सर्व हवा तासाला तीनदां बदलून वर थोडी. ही हवा मिळाली नाहीं तर वाफ गार कौलाला लागून थेंब होते, जमीन वाळत नाहीं, आणि मुतापासून होणारा अमोनिया आंतच कोंडून वासराच्या छातीला इजा करतो.

(कोंकणांतील पावसाळ्यास हा हिशेब लागू पडत नाहीं. तेथें बाहेरची हवाच वाफेनें भरलेली असते. वजाबाकी जवळजवळ शून्य येते व उत्तर भलतेंच मोठें होतें. तिकडे भिंतींचा वरचा भाग मोकळाच ठेवणें बरें.)

उन्हाळ्यांत उष्णतेचाच हिशेब धरावा लागतो. ३० अंशांवर गाईच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग, सुमारें १५० वॅट, थेट हवेंत जातो; बाकीची बाष्पीभवनांत खर्च होते. एक घनमीटर हवा एक अंशानें तापावयास सुमारें एक तृतीयांश वॅट-तास लागतो. गोठा बाहेरच्यापेक्षां एकाच अंशानें तापावा असें म्हटलें तर एका गाईस ४५० घनमीटर, सहांस २,७०० घनमीटर. तासाला वीस वेळां हवा बदलली पाहिजे. यांत तापलेल्या पत्र्याची उष्णता धरलेलीच नाहीं. हें काम फटीचें नव्हे; त्याला समोरासमोर मोठ्या खिडक्या हव्यात, आणि त्या थंडींत लावून घेतां याव्यात.

आतां थंडीची फट किती असावी? उबदार हवा हलकी म्हणून वर चढते. खालचीं भोंकें व आढें यांत २ मीटर अंतर आणि आंत-बाहेर ६ अंशांचा फरक असल्यास वेग काढण्यास २ × ९.८ × २ × ६ यांस निरपेक्ष उष्णमानानें, म्हणजे २८६ नें, भागून वर्गमूळ घ्यावें. सेकंदास सुमारें ०.९ मीटर येतें. पण हवेला आंत शिरतांना व बाहेर पडतांना असा दोनदां अडथळा होतो. तो वजा करून ०.३८ धरावें. ४५० घनमीटर तासाला म्हणजे सेकंदाला ०.१२५, त्यास ०.३८ नें भागिलें असतां ०.३३ चौरस मीटर. नऊ मीटर लांबीच्या आढ्यावर पसरली तर ही फट पावणेचार सेंटिमीटर रुंद होते. दोन बोटें! मीं बुजविलेली फट साधारण एवढीच होती.

तेवढ्याच क्षेत्रफळाचीं भोंकें भिंतींत वळचणीखालीं, गुरांच्या पाठींहून उंच ठेवावीं, म्हणजे झोत अंगावर येत नाहीं. पावसाची भीति असल्यास फटीवर थोडें उंच पत्र्याचें टोपरें बसवावें. काम नीट झालें कीं नाहीं, हें पाहण्यास संध्याकाळीं माशांसाठीं करतों तो गोवरीचा धूर पुरे : तो सरळ वर जाऊन आढ्यावाटे निघावा, आडव्या थरानें घुटमळूं नये.

ज्यांच्या घरीं गोठा आहे त्यांनीं वडिलांना विचारून सुटींत त्याची लांबी, रुंदी, उंची मोजावी व आपल्या जनावरांच्या संख्येनें वरील तिन्ही उत्तरें पुन्हां काढावीं. म्हैस गाईहून जड असते. तेव्हां ५०० वॅट हा आंकडा तिला लावूं नये, अधिक धरावा.